आलेखातील प्रत्येक मालिकेला तिचा स्वतःचा रंग कसा द्यावा

एका आलेखात चार-पाच मालिका (एकेका नावाखाली येणारे आकड्यांचे गट, जसे एकेका विभागाचा खर्च) दाखवायच्या असतात तेव्हा आलेख काढणारी बहुतेक प्रत्येक लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संग्रह, स्वतःच्या ठरलेल्या रंगसंचातून क्रमाने रंग उचलते. पहिल्या मालिकेला पहिला रंग मिळतो, दुसरीला दुसरा, आणि संचातले रंग संपले की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते. एकदाच काढायच्या आलेखासाठी एवढे पुरते. तोच आलेख दर महिन्याला नव्या आकड्यांवरून तयार होणार असेल, किंवा एकाच अहवालातल्या निरनिराळ्या आलेखांत त्याच मालिका पुन्हापुन्हा येणार असतील, तर मात्र ही व्यवस्था धोक्याची ठरते. समजा, उत्पादन, विक्री, सेवा आणि संशोधन या चार विभागांचा मासिक खर्च आपण रेषांनी दाखवतो. एखाद्या महिन्यात सेवा विभागाची नोंदच आली नाही, तर संशोधन विभाग चौथ्या जागेवरून तिसऱ्या जागी सरकतो आणि मागच्या महिन्यापर्यंत सेवेचा असलेला रंग त्याला मिळतो. प्रोग्रॅम कोणतीही त्रुटी दाखवत नाही, आलेखही नीटनेटका दिसतो, पण दोन महिन्यांचे अहवाल शेजारी ठेवून पाहणारा माणूस संशोधनाचा खर्च सेवेचा म्हणून वाचतो.

म्हणून रंग मालिकेच्या जागेला न बांधता तिच्या नावाला बांधावा, हे या सगळ्या कामातले मुख्य सूत्र आहे. लायब्ररी कोणतीही असो, पुढची प्रत्येक पायरी याच सूत्रावर उभी आहे.

आधी रंगांचा तक्ता तयार करा

आलेखाचा कोड लिहायला घेण्यापूर्वी मालिकेचे नाव आणि तिचा रंग यांची जोडी सांगणारा एकच तक्ता तयार करावा. पायथनमध्ये तो डिक्शनरी असेल, जावास्क्रिप्टमध्ये ऑब्जेक्ट, आर भाषेत नावे दिलेला व्हेक्टर. आपल्या उदाहरणात उत्पादनासाठी शून्य ते २५५ या मापात लाल ०, हिरवा ११४, निळा १७८ या प्रमाणातला निळा रंग घेऊ, विक्रीसाठी २१३, ९४, ० हा शेंदरी, सेवेसाठी ०, १५८, ११५ हा निळसर हिरवा आणि संशोधनासाठी २०४, १२१, १६७ हा गुलाबी जांभळा. हेच रंग का निवडले ते पुढे सांगतो. हा तक्ता वेगळ्या फाइलमध्ये ठेवावा आणि आलेख काढणाऱ्या प्रत्येक फंक्शनने रंग तिथूनच घ्यावा. कोडमध्ये दहा ठिकाणी रंगांचे आकडे विखुरलेले असले, तर एक रंग बदलायच्या वेळी दहांपैकी एखादे ठिकाण हमखास राहून जाते.

तक्त्याची किल्ली, म्हणजे ज्यावरून नोंद शोधली जाते ती खूण, कोणती असावी, याचाही आधीच विचार करावा. पडद्यावर दिसणारे नाव किल्ली म्हणून वापरण्याचा मोह होतो, पण त्या नावाच्या शेवटी एखादी रिकामी जागा आली तरी जोडी जुळत नाही. देवनागरी नावांत तर आणखी अडचण असते. ‘ऱ’ हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या प्रमाण संकेतसंचात, एकाच संकेताने लिहिता येते, तसेच ‘र’ आणि त्याखालचा नुक्ता (टिंब) अशा दोन संकेतांनीही लिहिता येते. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, संगणकाला ते वेगळे वाटतात. हा भेद युनिकोडच्या प्रमाणीकरणाने, म्हणजे अशी पर्यायी रूपे एकाच रूपात आणण्याने, दूर होतो. पण ‘ॲ’ एका संकेताने लिहिलेला आणि ‘अ’ला चंद्र जोडून लिहिलेला, हे दोन प्रमाणीकरणानंतरही वेगळेच राहतात. त्यामुळे किल्ली म्हणून विभागाचा क्रमांक किंवा कधीही न बदलणारे एखादे सांकेतिक नाव वापरावे आणि वाचकाला दिसणारे नाव तक्त्याच्या वेगळ्या रकान्यात ठेवावे, हे मला सर्वांत सुरक्षित वाटते.

तक्त्यात नसलेली मालिका अचानक समोर आली तर काय करायचे, तेही इथेच ठरवावे. अशा मालिकेला मध्यम करडा रंग द्यावा आणि त्याच वेळी लॉगमध्ये (प्रोग्रॅमच्या नोंदवहीत) इशारा नोंदवावा. संचातला पुढचा रंग तिला आपोआप देऊ नये, कारण मग ती परकी मालिका ओळखीच्या मालिकेसारखी दिसू लागते.

मॅटप्लॉटलिब आणि त्याचे सोबती

पायथनमधली आलेखांची लायब्ररी असलेल्या मॅटप्लॉटलिबच्या २.० या आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ पासून, मूळ रंगसंच दहा रंगांचा आहे. अकराव्या मालिकेला पुन्हा पहिलाच निळा मिळतो, आणि याची सूचना कुठेही येत नाही. प्रत्येक मालिका काढताना प्लॉट किंवा बार फंक्शनच्या ‘कलर’ या घटकाला तक्त्यातला रंग दिला की हा क्रम बाजूला पडतो. मालिकांवर लूप चालवावा, प्रत्येक फेरीत मालिकेच्या किल्लीवरून रंग आणि नाव दोन्ही उचलावेत, आणि नाव ‘लेबल’ या घटकात द्यावे, म्हणजे लेजंड (कोणता रंग कोणत्या मालिकेचा हे सांगणारी आलेखातली सूची) आपोआप बरोबर येतो. लेजंडसाठी नावांची स्वतंत्र यादी हाताने देणे टाळावे, कारण मालिकांचा क्रम बदलला तरी ती यादी जुन्याच क्रमात राहते.

इथे एक गोष्ट वारंवार अडवते. मॅटप्लॉटलिबला लाल, हिरवा आणि निळा यांची प्रमाणे शून्य ते एक या दरम्यान लागतात, तर बहुतेक रंगतक्ते शून्य ते २५५ या मापात असतात. तेव्हा प्रत्येक आकड्याला २५५ ने भागून घ्यावे, किंवा वेबवर वापरतात तो रंगाचा सोळा-आधारी संकेत (अंक आणि अक्षरे मिळून लिहिलेला) मजकूर म्हणून द्यावा. आकडे न भागता दिले तर प्रोग्रॅम त्रुटी दाखवून थांबतो, ही त्यातल्या त्यात दिलाशाची बाब. बिंदूंचा आलेख काढणाऱ्या स्कॅटर फंक्शनबाबत मात्र अधिक सावध राहावे. त्यात ‘सी’ आणि ‘कलर’ असे दोन घटक आहेत. ‘सी’ला तीन आकड्यांचा एकच रंग दिला आणि नेमके तीनच बिंदू असले, तर ते तीन आकडे एका रंगाचे की तीन बिंदूंच्या तीन मूल्यांचे, असा संभ्रम निर्माण होतो. संपूर्ण मालिकेला एकच रंग द्यायचा असेल तेव्हा नेहमी ‘कलर’ वापरावा.

संपूर्ण अहवालाचा रंगसंचच बदलायचा असेल, तर मॅटप्लॉटलिबच्या ‘ॲक्सीझ’ (अक्ष) विभागातील ‘प्रॉप सायकल’ ही मांडणी बदलता येते. पण त्याने फक्त संच बदलतो, मालिका आणि रंग यांची गाठ बांधली जात नाही. उजव्या बाजूला दुसरा उभा अक्ष जोडला की नव्या अक्षावरचा क्रम पुन्हा पहिल्या रंगापासून सुरू होतो आणि दोन्ही अक्षांवरच्या रेषा एकाच निळ्या रंगाच्या येतात, हेही याच कारणाने घडते. दोन अक्षांच्या आलेखात रंग स्पष्ट देण्यावाचून गत्यंतर नाही. शिवाय प्रत्येक अक्षाचे शीर्षक आणि आकडे त्या त्या रेषेच्याच रंगात छापले, तर कोणती रेषा कोणत्या अक्षावर वाचायची हे लगेच कळते.

सीबॉर्न या पायथनच्याच लायब्ररीमध्ये ‘पॅलेट’ या घटकाला आपला तक्ता डिक्शनरी म्हणून सरळ देता येतो, आणि एखादी मालिका तक्त्यात नसेल तर ते स्पष्टपणे त्रुटी दाखवते. हा कडकपणा मला उपयोगाचा वाटतो. प्लॉटली एक्सप्रेस या आणखी एका लायब्ररीमध्ये ‘कलर डिस्क्रीट मॅप’ हा घटक नावाप्रमाणे रंग देतो, तर ‘कलर डिस्क्रीट सिक्वेन्स’ क्रमाप्रमाणे देतो. दोन्ही नावे सारखी वाटतात आणि पहिल्या आलेखात दोन्हींचा परिणामही सारखाच दिसू शकतो, पण आपल्याला हवा आहे तो पहिला.

वेबपानावरचे आलेख

चार्ट जेएस या जावास्क्रिप्टच्या लायब्ररीमध्ये प्रत्येक मालिका ‘डेटासेट’ म्हणून येते आणि तिचे रंग दोन गुणधर्मांत विभागलेले असतात. ‘बॉर्डर कलर’ म्हणजे रेषेचा किंवा कडेचा रंग, आणि ‘बॅकग्राउंड कलर’ म्हणजे भरावाचा. रेषालेखात फक्त बॉर्डर कलर दिला तर रेषा बरोबर दिसते, पण लेजंडमधला चौकोन आतून वेगळ्या रंगाने भरलेला राहतो. म्हणून दोन्ही गुणधर्म तक्त्यातल्या एकाच नोंदीवरून द्यावेत. रेषेखालचा भाग भरायचा असल्यास त्याच रंगाची पारदर्शकता वाढवून तो बॅकग्राउंड कलर म्हणून वापरावा. स्तंभालेखात बॅकग्राउंड कलरला एका रंगाऐवजी रंगांची यादी दिली, तर ते रंग मालिकांना न लागता एकाच मालिकेतल्या एकेका स्तंभाला लागतात. चार मालिका असताना प्रत्येक मालिकेत रंगीबेरंगी स्तंभ दिसू लागले, तर पहिला संशय या यादीचा घ्यावा. आलेख पडद्यावर आल्यानंतर रंग बदलला असेल तर ‘अपडेट’ ही मेथड चालवल्याशिवाय तो बदल दिसत नाही.

डी-थ्री या जावास्क्रिप्टच्याच लायब्ररीमध्ये ‘स्केल ऑर्डिनल’ हे साधन नाव आणि रंग यांची जोडी लावते. त्याला ‘डोमेन’ म्हणून मालिकांची यादी आणि ‘रेंज’ म्हणून रंगांची यादी द्यावी लागते. डोमेन दिलेच नाही तर जे नाव आधी समोर येईल त्याला पहिला रंग मिळतो, म्हणजे सुरुवातीला सांगितलेली अडचण मागच्या दाराने पुन्हा आत येते. डोमेन दिले असतानाही अनोळखी नाव आले की ते गुपचूप यादीच्या शेवटी जोडले जाते. ते टाळण्यासाठी ‘अननोन’ या मेथडला करडा रंग द्यावा. त्यानंतर यादीबाहेरची प्रत्येक मालिका करडीच दिसते.

आर भाषेत

आरमधल्या जीजीप्लॉट-टू या लायब्ररीमध्ये ‘स्केल कलर मॅन्युअल’ला रंगांचा व्हेक्टर देताना प्रत्येक रंगासमोर मालिकेचे नाव लिहावे. नावे नसलेला व्हेक्टर दिला तर रंग फॅक्टरच्या पातळ्यांच्या, म्हणजे आरने ठरवलेल्या मालिकांच्या नावांच्या, क्रमाने वाटले जातात, आणि साध्या मजकुराच्या बाबतीत तो क्रम वर्णानुक्रमाचा असतो. नवी मालिका वर्णानुक्रमात मध्येच शिरली की पुढच्या सगळ्या मालिकांचे रंग एकेक जागा सरकतात. रेषा आणि बिंदू यांच्यासाठी ‘कलर’ आणि स्तंभ किंवा क्षेत्र यांच्या भरावासाठी ‘फिल’ असे दोन वेगळे स्केल आहेत, हेही लक्षात ठेवावे. स्तंभांना कलर दिल्यास फक्त त्यांच्या कडा रंगतात.

एक्सेलमधल्या व्हीबीएतून

व्हीबीए या एक्सेलमधल्या प्रोग्रॅमिंग भाषेत ‘सिरीज कलेक्शन’मधली मालिका क्रमांकाने मागता येते तशी नावानेही मागता येते. ती नावानेच मागावी. स्तंभांसाठी मालिकेच्या ‘फॉरमॅट’मधील ‘फिल’चा आणि रेषांसाठी ‘लाइन’चा ‘फोर कलर’ बदलावा, आणि रंगाचे मूल्य आरजीबी फंक्शनने द्यावे. वेबवरचा सोळा-आधारी संकेत इथे जसाच्या तसा लिहू नये. व्हीबीएच्या अंतर्गत आकड्यात लाल सर्वांत खालच्या स्थानी असतो, हिरव्याला २५६ ने आणि निळ्याला ६५,५३६ ने गुणून त्यात मिळवतात. वेबवर लाल सर्वांत वरच्या स्थानी असतो. त्यामुळे वेबचा शुद्ध लाल इथे शुद्ध निळा होऊन उमटतो. हिरव्याचे स्थान दोन्हीकडे मधलेच असल्याने हिरवा मात्र बरोबर येतो, आणि म्हणून चूक चटकन ध्यानात येत नाही.

रंग निवडताना

संगणकाच्या नेहमीच्या पद्धतीत लाल, हिरवा आणि निळा यांच्या प्रत्येकी २५६ पातळ्या असतात आणि एकूण १,६७,७७,२१६ रंग तयार होतात. त्यांतले डोळ्यांना एका नजरेत वेगळे ओळखता येतील असे मात्र फार थोडे असतात. माझ्या मते एका आलेखात सहा ते आठ मालिकांच्या पुढे केवळ रंगावर विसंबून राहू नये.

वर दिलेले चार रंग मासाताका ओकाबे आणि केई इतो या जपानी संशोधकांनी सुचवलेल्या आठ रंगांच्या संचातले आहेत. लाल आणि हिरवा यांतला भेद ज्यांना नीट दिसत नाही, अशा लोकांनाही हे रंग वेगळे ओळखता यावेत, या हेतूने तो संच तयार केलेला आहे. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे ८ टक्के लोकांना ही अडचण असते, स्त्रियांत तिचे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास आहे. नफ्याला हिरवा आणि तोट्याला लाल अशी जोडी वापरणाऱ्या प्रत्येकाने या आकड्यांची दखल घ्यावी. आपल्या वाचकांतला एखादा माणूस आपल्या रंगांमुळे आलेखाबाहेर राहत असेल, तर आपले काम अपुरे आहे असे मी मानतो.

मात्र कोणताही तयार संच डोळे झाकून उचलू नये. वेबवरील सुलभतेच्या डब्ल्यूसीएजी या मार्गदर्शक तत्त्वांच्या २.१ या आवृत्तीत आलेखाचे महत्त्वाचे भाग आणि शेजारचा रंग यांत किमान तीनास एक इतका काँट्रास्ट, म्हणजे उजळपणातला फरक, मागितलेला आहे. पांढऱ्या पार्श्वभूमीवर आपल्या निळ्याचा काँट्रास्ट सुमारे ५.२ येतो, शेंदरीचा ३.९, हिरव्याचा ३.४ आणि जांभळ्याचा जेमतेम ३.१. त्याच संचातला नारिंगी सुमारे २.२५ वर, आकाशी २.३ वर आणि पिवळा तर १.३ वर थांबतो. पांढऱ्या कागदावर पिवळी बारीक रेषा जवळजवळ दिसत नाही, त्याचे कारण हे आहे. हे तीन रंग रुंद स्तंभांसाठी गडद कड देऊन वापरता येतील, बारीक रेषांसाठी नकोत.

निवडलेल्या चार रंगांतही एक उणीव उरते. शेंदरी आणि निळसर हिरवा यांची तेजस्विता इतकी जवळजवळ आहे, की कृष्णधवल छपाईत दोन्ही साधारण एकाच करड्या छटेचे होतात. रंगाने वेगळे आणि उजळपणाने सारखे असे हे रंग आहेत. त्यामुळे अहवाल छापला जाणार असेल, तर तक्त्यात रंगाशेजारी रेषेचा प्रकार आणि बिंदूचा आकार असे आणखी दोन रकाने ठेवावेत: विक्रीसाठी अखंड रेषा आणि गोल, सेवेसाठी तुटक रेषा आणि चौकोन, अशा प्रकारे. नावाला रंग बांधला त्याच पद्धतीने आकारही नावालाच बांधला जातो आणि कोडमध्ये फारशी भर पडत नाही. जागा असेल तिथे लेजंडऐवजी मालिकेचे नाव रेषेच्या उजव्या टोकाशी, रेषेच्याच रंगात लिहावे. वाचकाची नजर आलेख आणि लेजंड यांमध्ये सारखी फिरत राहत नाही.

मालिकांमध्ये स्वाभाविक क्रम असेल, उदाहरणार्थ वयोगट किंवा लागोपाठची वर्षे, तर परस्परभिन्न रंगांचा संच चुकीचा ठरतो. तिथे एकाच रंगाच्या फिक्या छटेपासून गडद छटेपर्यंत जाणारी श्रेणी वापरावी. मध्यबिंदूच्या दोन्ही बाजूंना पसरणाऱ्या मूल्यांसाठी मधोमध फिकी आणि दोन्ही टोकांना दोन वेगळ्या गडद रंगांकडे जाणारी श्रेणी घ्यावी. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातल्या सिंथिया ब्रूअर यांनी नकाशांसाठी तयार केलेल्या कलरब्रूअर या साधनात रंगसंचांची हीच तीन गटांत विभागणी आहे, आणि त्यातले संच बहुतेक लायब्ररींत तयार मिळतात.

मालिका फार असतील तर

वीस-तीस मालिका असताना वीस-तीस रंग शोधत बसू नये. सगळ्या मालिका फिक्या करड्या रंगात काढाव्यात, ज्यांच्याविषयी बोलायचे आहे त्या एक-दोन मालिकांनाच तक्त्यातला रंग द्यावा, आणि त्या सर्वांच्या वर याव्यात म्हणून शेवटी काढाव्यात. मॅटप्लॉटलिबमध्ये ‘झेड ऑर्डर’ वाढवूनही हे साधते.

मालिकांची नावे आधी ठाऊकच नसतील, वापरणारा माणूस त्या स्वतः निर्माण करत असेल, तर नावावरून रंग मोजून काढावा लागतो. नावाचा हॅश (मजकुरावरून गणिताने काढलेला आकडा) काढून त्यातून रंगचक्रावरचा कोन ठरवावा, आणि उजळपणा व रंगाची तीव्रता स्थिर ठेवावी. पायथनमध्ये यासाठी अंगभूत ‘हॅश’ फंक्शन वापरू नये. ३.३ या आवृत्तीपासून मजकुराचा हॅश प्रोग्रॅम सुरू होताना दर वेळी वेगळा येतो, आणि तेच नाव आज निळे तर उद्या तपकिरी होते. त्याऐवजी ‘हॅशलिब’ मधला एखादा स्थिर हॅश घ्यावा. दोन नावांचे कोन जवळजवळ येण्याची शक्यता या पद्धतीत राहतेच, म्हणून महत्त्वाच्या मालिकांचे रंग तक्त्यात हाताने लिहावेत आणि हॅश फक्त उरलेल्यांसाठी ठेवावा.

तपासणी आणि देखभाल

तक्ता तयार झाल्यावर त्यासाठी एक छोटी चाचणी लिहावी. आकड्यांत येणारी प्रत्येक मालिका तक्त्यात आहे का, दोन मालिकांना एकच रंग गेलेला नाही ना, आणि प्रत्येक रंगाचा पार्श्वभूमीशी काँट्रास्ट तीनाच्या वर आहे का, एवढे त्या चाचणीने पाहावे. मग मुद्दाम एक मालिका वगळून आलेख पुन्हा काढावा आणि उरलेल्या मालिकांचे रंग जागच्या जागी आहेत की नाहीत ते पाहावे. मालिकांचा क्रम उलटा करूनही हीच पडताळणी करावी. काळ्या पार्श्वभूमीचा पर्याय द्यायचा असेल तर तक्त्यात त्यासाठी दुसरा रकाना ठेवून तोच रंग अधिक उजळ छटेत नोंदवावा. रंगाची ओळख कायम राहील अशा बेताने फक्त उजळपणा बदलावा.

एखादा विभाग बंद झाला तर त्याची नोंद तक्त्यातून लगेच काढू नये आणि त्याचा रंग नव्या विभागाला देऊ नये. जुने अहवाल लोकांकडे असतात, त्यांत तो रंग अजून जुन्याच विभागाचा असतो. नोंदीसमोर विभाग बंद झाल्याचे वर्ष लिहून ती राहू द्यावी आणि नव्या विभागासाठी संचातला न वापरलेला रंग काढावा.